आईला घेता येईल असं नाव

सुरुवातीलाच सांगून टाकते, यात कुणाचंही नाव येणार नाही. बाळाचं नाव ठेवण्याची गोष्ट सांगायला बसली आणि नावच सांगत नाही, हा काय प्रकार, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. मी हट्टी आहे हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही कळलेलं बरं. पण नाव न घेण्याला कारण आहे आणि ते ओघात येईलच.

आमचं गाव शहापूरच्या बाजूचं. सापगाव ओलांडून भातसा नदीच्या काठाकाठानं गेलं की लागायचं. वारा तिकडचा असला तर आसनगावच्या गाडीची शिट्टी ऐकू यायची, नसला तर नाही. घर कुडाचं, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीला लागून खळं. आता डोळे मिटून मी ते घर बघते तेव्हा तिथे कायम हिवाळाच असतो. भात झोडून झालेलं, पेंढा रचलेला, रिकाम्या झालेल्या शेतात वाल वर आलेला, आणि नदीवरून निघालेलं धुकं हळूहळू खळ्यापर्यंत येऊन थांबलेलं. त्या धुक्यात माणसं आधी आवाजानं कळायची आणि मग दिसायची. उन्हाळे, पावसाळे कुठे गेले कोण जाणे, माझ्या आठवणीत त्यांना जागा मिळाली नाही.

त्या काळी सून सासऱ्याचं नाव घेत नसे. सासऱ्याचं नाही, चुलतसासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही. नवऱ्याचं फक्त उखाण्यात, तेही चारचौघींनी अडवून धरल्यावर. आमची भावकी मोठी आणि सगळ्यांना नावं देवांची. देव तेवढे सगळे आमच्या घरात सासरे आणि दीर होऊन बसले होते. त्यामुळे आईला देवाचं नाव घेण्याचीही पंचाईत. देवळात भजन चाललेलं असलं की ती सगळ्यांबरोबर म्हणायची आणि मध्येच एखाद्या शब्दाला गप्प व्हायची, पुन्हा म्हणायची, पुन्हा गप्प. लहानपणी मला वाटायचं, आईला दम पुरत नाही.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो जन्मायच्या आदल्याच वर्षी आजोबा गेले होते, म्हणून वडिलांनी त्याला आजोबांचं नाव दिलं. वडिलांना वाटलं, बाप परत घरात आला. त्यांचं वाटणं मी चूक म्हणत नाही. पण घरातल्या बायकांचं काय होणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आईचा तो सासरा झाला. आजी तेव्हा होती, तिचा तर नवराच झाला. आजी त्याला ‘आमचं ते’ म्हणायची. “आमचं ते जेवलं काय गो?” असं तिनं विचारलं की दीड हाताचं पोर नागडं धावत यायचं आणि सगळे हसायचे. आई त्याला ‘अरे’ म्हणायची, ‘बाळा’ म्हणायची, ‘पोरा’ म्हणायची. त्याचं खरं नाव घेणारे घरात तिघेच: वडील, काका आणि मी. मी घरची लेक, मला आजोबांच्या नावाची आडकाठी नव्हती.

एकदा शहापूरच्या बाजारात तो हरवला. मी पाचेक वर्षांची असेन. आई सुकट घेत होती, तिनं मागे वळून बघितलं तर मी आहे आणि तो नाही. ती ओळीच्या टोकापर्यंत धावली, परत आली, हाका मारायला लागली. “अरे बाळा. ए पोरा.” बाजारात बाळं आणि पोरं काय थोडी होती? दहाबारा जणांनी वळून पाहिलं. एका म्हाताऱ्यानंही पाहिलं. तेव्हा आईनं मला उचललं, मिठाच्या गोणीवर उभं केलं आणि म्हणाली, “तू मार गो हाक. तुझ्या तोंडानं मार.” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. तो गुळाच्या दुकानापुढे मुंगळे बघत बसला होता. तिथून त्यानं ओ दिली, आणि आईनं आधी त्याला मारलं मग पोटाशी धरलं.

त्या दिवसापासून मी आईचं तोंड झाले. तो नदीवर असला, गुरांमागे असला, जेवायची वेळ झाली की आई मला बांधावर पाठवायची. मी कमरेवर हात ठेवून त्याच्या नावानं ओरडायची. मला त्याची फार ऐट वाटायची. घरात मोठ्या माणसांना जे करता येत नाही ते मला येतं, असं मी शेजारच्या पोरींना सांगत फिरत असे.

तो गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. तापानं गेला. चार दिवस ताप होता आणि पाचव्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडायचं सोडलं. आजी आधीच वारली होती. वडील वैद्याला आणायला शहापूरला गेले होते. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ‘बाळा’ म्हणून झालं, ‘पोरा’ म्हणून झालं. मग तिनं माझा हात धरला.

“हाक मार गो. त्याच्या नावानं मार. तुझं ऐकतो तो.”

मी हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारायला गेले आणि आवाजच फुटेना. आई माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे वळली. तिचे ओठ हलत होते. ती नाव घेते आहे असं मला वाटलं, पण आवाज नव्हता. सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं की घरातल्या पुरुषमाणसाचं आयुष्य कमी होतं, असं तिला तिच्या आईनं सांगून पाठवलं होतं. ते पुरुषमाणूस तिच्या मांडीवरच होतं, त्याचं आता आणखी काय कमी व्हायचं होतं? पण घाबरलेल्या माणसाला एवढं कुठे सुचतं.

मला आईचा राग आला होता. खरं सांगायचं तर आजही येतो. तिचा थोडा, तिला तसं शिकवणाऱ्यांचा जास्त, आणि माझा स्वतःचाही, कारण तिसरी हाक माझ्या घशात राहिली.

पुढे दोन वर्षांनी, मी नऊ वर्षांची असताना, आईला पुन्हा मुलगा झाला. हिवाळाच होता. सुईण बाहेर येऊन सांगून गेली तेव्हा वडील ओटीवर बसले होते. ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाले, “बाबा आला परत.” म्हणजे नाव ठरलंच. तेच. वडील फार कमी बोलायचे आणि बोलले की ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

आई आत बाजेवर होती. बाजेखाली शेगडी, ओव्याचा आणि शेपाचा वास, कुडाच्या फटींतून आलेलं ऊन जमिनीवर पडलेलं. त्या खोलीत गेलं की झोप आल्यासारखं व्हायचं. मी निखाऱ्यांवर राख सारत होते.

“बापाचं बोलनं ऐकलंस ना?” आईनं विचारलं.

“ऐकलं.”

“मला याला हाक मारायची हाय गो. माझ्या तोंडानं.”

एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. आईनं जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी आणा म्हणाली नाही, माहेरी पाठवा म्हणाली नाही. हे एक मागितलं आणि तेही मला, नऊ वर्षांच्या पोरीला.

“मग तूच त्यांना सांग,” मी म्हणाले.

“मी कशी सांगू? वंस येतील, त्या सांगतील कानात. त्यांच्या तोंडून निघंल ते नाव.”

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं. बाळाची आत्या पाळण्यावर वाकून कानात नाव सांगते आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते. तिनं म्हटलं ते नाव. मग बाप असो की गावचा पाटील, ते बदलायची सोय नाही. एरवी घरात जिला कुणी विचारत नाही तिच्या हाती त्या एका घडीला सगळं असतं.

मग आम्ही दोघी नावं काढायला बसलो. मी एक नाव घेतलं. आई म्हणाली, “ते तुझ्या आज्याचे भाऊ.” मी दुसरं घेतलं. “ते पलीकडचे मोठे भावजी.” तिसरं घेतलं तर ते आजेसासऱ्यांचं निघालं. मी दहाही अवतार संपवले, ते सगळे आमच्याच भावकीत निघाले. शेवटी मी चिडले. आई हसायला लागली आणि कळ आल्यासारखं पोट धरून थांबली.

“कुनाचं नसलेलं शोध,” ती म्हणाली. “बारकं असूं दे. दोन अक्षरांचं. बांधावरून हाक मारली तर नदीपत्तर पोचंल असं.”

आत्या मुरबाडच्या पलीकडे एका गावात दिलेली. तिला आणायला काका बैलगाडी घेऊन जाणार होते. आईनं आतूनच सांगितलं, “भावजी, हिला पन न्या. वंसंना सोबत व्हईल.” काकांनी मान डोलावली. काकांचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्यांना बोलण्यापेक्षा झोप प्रिय होती. गाडी रस्त्याला लागली की ते कासरा सैल सोडायचे, बैल आपले चालत राहायचे.

तो प्रवास मला आता नीट सांगता येत नाही. पेंढ्यावर घोंगडी टाकलेली, त्यावर मी उताणी. वर सागाची पानं सरकत होती. कधी ऊन तोंडावर यायचं, कधी जायचं. किन्हवलीला काकांनी गूळ-चणे घेऊन दिले एवढं आठवतं. बाकी सगळं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसारखं, एकाच लयीत आलं आणि गेलं. आईचा निरोप मात्र मी मनात घोकत होते. आत्याला काय सांगायचं, कसं सांगायचं. दोन अक्षरांची नावं जुळवत होते आणि ती जुळता जुळता मला झोप लागत होती.

आत्या दांडगी बाई. आवाज मोठा, नाकात नथ, आणि जिभेला हाड नाही. माझी जीभ तिच्यावर गेली असं सगळे म्हणतात, मला त्याचा आनंदच आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात उभी राहून आपल्या थोरल्या मुलाला हाक मारत होती. “ए मोठ्या, बैलांना पानी दाखव.” त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. काळू नदीकडे जाताना धुकं इतकं होतं की बैलांची शिंगं दिसत होती आणि तोंडं दिसत नव्हती. मी धीर केला आणि सगळं सांगून टाकलं. बाजाराचं, मिठाच्या गोणीचं, त्या दुपारचं, तिसऱ्या हाकेचं. आणि आईचं मागणं. काका झोपेत होते, किंवा झोपेत असल्यासारखे होते.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. ती म्हणाली, “माझ्या बापाचं नाव हाय ते. ते घरात परत यावं असं मला वाटत नाय काय?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या नावापायी आईचं तोंड बांधलं गेलं होतं, ते नाव हिच्या बापाचं होतं आणि हिला ते घरात ऐकायचं होतं. दोघींचं एकदम खरं कसं असू शकतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

गाडी नदीत उतरली आणि मधोमध थांबली. बैल पाणी प्यायला लागले. पाणी गुडघाभर, त्याच्यावर धुकं, दोन्हीकडचे काठ दिसत नव्हते. आपण कुठून आलो आणि कुठे चाललो हेच विसरायला व्हावं अशी ती जागा होती. तेवढ्यात वरच्या अंगानं, रानात राहणाऱ्या ठाकर आदिवासींच्या वाडीकडून, एका बाईची हाक आली. दोनच अक्षरं. पहिलं आखूड आणि दुसरं लांबवलेलं, इतकं लांबवलेलं की ते पाण्यावरून आमच्या गाडीखालून पलीकडे गेलं. पलीकडून, अगदी जवळून, कुणा पोराची ओ आली. ती पुन्हा हाक मारी, ते पुन्हा ओ देई. मग पाण्यात पावलं वाजली, चुबुक चुबुक करत आमच्या बाजूनं गेली आणि लांब झाली. ना आई दिसली, ना पोर.

“आत्या,” मी म्हणाले, “हे नाव.”

“ठाकरांचं?”

“कुणाचं का असेना. आपल्यात कुणाचं नाय.”

आत्या बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली. सगळी भावकी मोजत होती. या घरातले, त्या घरातले, गेलेले, असलेले. मोजून झाल्यावर तिनं हात मांडीवर ठेवला. बैलांनी तोंडं वर केली आणि गाडी हलली.

किन्हवलीच्या अलीकडे ती, मला नाही, समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखी म्हणाली, “सोळा वर्सांचा झाला माझा थोरला. मोठ्या म्हनते मी त्याला. सासऱ्याचं नाव हाय त्याचं.” घर आलं तरी ती काय करणार हे मला कळलं नाही आणि आईला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

बारशाच्या दिवशी माजघरात पाळणा बांधला. बायका जमल्या, घुगऱ्यांची परात मध्ये ठेवली. वडील चारदोन माणसांबरोबर ओटीवर होते. आई पाळण्याशेजारी पाटावर बसली होती, हिरव्या लुगड्यात, डोक्यावरून पदर घेऊन. तिनं आत्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती पाळण्याची दोरी बघत होती.

आत्या पाळण्यावर वाकली. बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या, तशी रीतच आहे, आणि त्या हसत होत्या. आत्या काही लवकर वर होईना. कानात नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही. धपाटे थांबले तरी ती वाकलेलीच होती. मग ती उठली, कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात नदीतलं ते नाव म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ओटीवरचं बोलणं थांबलं. वडील दारात आले.

“काय म्हनालीस अक्का?”

“ऐकलंस ते.”

“बाबाचं नाव ठेवायचं होतं.”

“बाबाचं नाव मोठं. मोठ्या नावावर नजर जाते. एकदा गेली ना? हे रानातलं बारकं नाव हाय, याच्याकडं कोन बघत नाय. जगूं दे रे पोराला.”

मूल जगावं म्हणून हलकं, साधं नाव ठेवतात, हे सगळ्या गावाला मान्य होतं. आत्यानं तेच पुढे केलं. बाळंतिणीचा त्यात कुठे उल्लेख नाही, माझा नाही. तिच्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं.

“कानात काय सांगितलंस?” वडिलांनी विचारलं.

“ते माझं नि त्याचं.”

वडील मागच्या दारानं खळ्यावर निघून गेले. आत्यानं कानात काय सांगितलं, तिच्या बापाचं नाव सांगितलं की नाही, हे मी तिला पुढे कितीदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही.

पाहुण्या गेल्यावर मी दाराआड उभी होते. आई पाळण्यात वाकली. आधी नुसते ओठ हलले, आणि तसे हलणारे ओठ मी पूर्वी पाहिले होते. पण या वेळी आवाज आला. बारीक, कुजबुजल्यासारखा. मग जरा मोठा. ती ते नाव तीनचारदा म्हणाली, गरम घास तोंडात फिरवून बघावा तसं. बाळ झोपलेलंच होतं.

पुढे तो चालायला लागला तेव्हा तर तिला ऊतच आला. कामाला हाक, बिनकामाला हाक. बांधावर उभी राहून ती पहिलं अक्षर आखूड आणि दुसरं लांबवून हाक मारायची, अगदी त्या ठाकरणीसारखी, आणि ती हाक तिनं तर ऐकलीही नव्हती. शेजारणी चिडवायच्या, “पोर पुढ्यात हाय नि हाक नदीपार.” आई हसायची. वडिलांनी पहिले सातआठ महिने त्याला नुसतं ‘पोरगा’ म्हटलं. पुढे तो रांगता रांगता खळ्यावर बैलांच्या पायांत गेला तेव्हा तेही त्याच नावानं ओरडले आणि मग ओरडतच राहिले. मला मात्र थोडं वाईट वाटायचं, हे कबूल करते. आईला आता माझ्या तोंडाची गरज उरली नव्हती.

लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं होतं तेव्हा, माझं लग्न झालं. मी सोळा वर्षांची, भाऊ सात वर्षांचा. आत्यानंच जमवलं, मुरबाडच्या बाजूला, तिच्या गावापासून दोन कोसांवर. नवरा शाळामास्तर, माणूस शांत. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे होते आणि अंगणातून सासऱ्यांनी हाक मारली. दोन अक्षरी. माझ्या भावाचं नाव.

मला वाटलं भाऊ आला. मी पिठाच्या हातांनी, पदर खांद्यावर तसाच, धावत ओटीवर आले. अंगणात माझे थोरले दीर उभे होते. कागदावर त्यांचं नाव लांबलचक, गावात सगळे त्यांना पाटील म्हणत, लग्नाच्या बोलण्यातही पाटीलच. घरातल्या हाकेचं नाव हे, ते आत्यालाही ठाऊक नव्हतं. जाऊबाईंनी मला हाताला धरून आत नेलं आणि हळूच म्हणाल्या, “आता तुला पन नाय घ्यायचं हां ते नाव.”

मी आधी हसले. मग चुलीपुढे बसून रडले आणि धूर झाला असं सांगितलं. माझं मीच शोधून आणलेलं नाव होतं ते. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, “घे की, मी कुणाला सांगणार नाही.” चांगला माणूस. पण कुणी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. जाऊबाई घेत नव्हत्या, मग मी कशी घेणार? ज्या रीतीचा मला एवढा राग होता ती मी निमूटपणे पाळली. आता दीर नाहीत, जाऊबाई नाहीत, मास्तरही नाहीत, अडवायला कुणी उरलेलं नाही. तरी जीभ वळत नाही. लिहायला घेतलं तर हातही वळत नाही. म्हणून वर नाव नाही. आणि एक झाकायचं तर बाकीची कशाला उघडी टाकायची, म्हणून कुणाचंच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी माहेरी आले. सकाळची वेळ, धुकं खळ्यापर्यंत आलेलं. वडील म्हणाले, भाऊ नदीच्या अंगाला गुरं घेऊन गेलाय, तू येणार हे त्याला माहीत नाही. मी पिशवी ओटीवर टाकली आणि जुन्या सवयीनं बांधावर गेले. कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि नाव दातांच्या आत थांबलं.

“अरे,” मी म्हणाले. “ए पोरा.”

वालाच्या शेतात शेंगा खुडणारी तीनचार पोरं होती, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. धुक्यातून कुणी आलं नाही. मी पुन्हा ‘ए बाळा’ म्हणाले आणि मला माझ्याच आवाजात शहापूरचा बाजार ऐकू आला. मी तिथेच उभी राहिले. रडू आवरत नव्हतं.

मागे आई आली होती. खळ्यावरून तशीच आली होती, लुगड्याला पेंढ्याच्या काड्या. थोरल्या दिरांच्या नावाचं मी तिला काही कळवलं नव्हतं. आत्यानं कळवलं असणार. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“उगी ऱ्हा,” ती म्हणाली. “मी मारते.”

आणि तिनं हाक मारली. ती वालावरून गेली, बांधांवरून गेली, धुक्यात शिरली. नदीकडून भावाची ओ आली. तो ओ देत पळत निघाला होता, त्याची पावलं वाजायला लागली होती, तरी आईनं दुसऱ्यांदा हाक मारली. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा मारली.